एकच फाईल, वेगळे कॉम्प्युटर: उघडायला वेळ नेमका कुठे जातो?

दर्यापूर_डीटीपी

सेवा केंद्र असो, शाळेचं ऑफिस असो की कापसाच्या जिनिंगचा वजनकाटा, फाईल उघडायला वेळ लागला की सल्ला ठरलेला असतो: मशीन जुनी झाली, नवी घ्या. पैसे घालवण्याआधी वेळ मोजा. सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजलं तरच तुलनेला अर्थ आहे, म्हणून पद्धत आधी लिहितो.

फाईल पेनड्राइव्हवरून उघडू नका, सी ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. मशीन रीस्टार्ट करा. शट डाऊन करून परत चालू केलेलं चालत नाही, कारण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच परत उचलला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. नंतर टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा खाली बसेपर्यंत थांबा. हार्डडिस्कवर याला पाच-दहा मिनिटं लागतात. मग फाईलवर डबल क्लिक आणि मोबाईलचं स्टॉपवॉच एकाच वेळी.

घड्याळ थांबवायचं कधी, यावर जास्त गोंधळ होतो. पहिलं पान दिसलं म्हणजे वर्डची फाईल उघडली असं नाही. खालच्या पट्टीत डावीकडे एकूण पानांचा आकडा असतो. तो वाढायचा थांबला की पानांची मांडणी पूर्ण झाली, तिथे थांबवा. एक्सेलमध्ये त्याच पट्टीत 'कॅल्क्युलेटिंग' आणि टक्के दिसतात, ते जाऊन 'रेडी' आलं की थांबवा. पीडीएफमध्ये शेवटच्या पानावर उडी मारा आणि अक्षरं स्पष्ट झाली की थांबवा.

ही झाली 'थंड' वेळ. आता फाईल आणि प्रोग्राम दोन्ही बंद करून लगेच परत उघडा, ती 'गरम' वेळ. दोन्ही तीन-तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

या दोन आकड्यांतून बरंच कळतं. थंड वेळ खूप आणि गरम वेळ कमी असेल तर दोष डिस्कचा, कारण दुसऱ्यांदा तोच मजकूर रॅममधून येतो. दोन्ही वेळा सारख्याच जास्त आणि प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण भरलेला असेल तर फाईलच जड आहे किंवा प्रोसेसर कमी पडतो. आणि दोन्ही वेळा जास्त, पण डिस्कही रिकामी अन् प्रोसेसरही रिकामा, तर मशीन बाहेरच्या कशाची तरी वाट पाहत आहे. हा तिसरा प्रकार नव्याकोऱ्या मशीनवरही सापडतो आणि लोक त्यालाच सगळ्यात कमी ओळखतात.

हार्डवेअर_मूर्तिजापूर

डिस्कचं सांगतो. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या हार्डडिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन वाचायला साधारण १२ ते १५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला सत्तर-ऐंशी वेळा. लॅपटॉपच्या ५४०० वाल्या डिस्कवर त्याहून कमी. वर्ड सुरू होताना एक मोठी फाईल वाचत नाही, शेकडो छोटे तुकडे वाचते. साध्या साटा एसएसडीवर (फिरती चकती नसलेली, नेहमीच्या साटा वायरने जोडायची डिस्क) असे तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचून होतात. म्हणून जुन्या दोन कोअरच्या डेस्कटॉपवरही एसएसडी टाकली की प्रोग्राम उघडण्याची वेळ एकदम खाली येते. साटा सोडून महाग एनव्हीएमई (त्याहून वेगवान एसएसडी) घ्यायची गरज फक्त दस्तऐवजांसाठी नाही. कागदावर वेग पाच-सहा पट असतो, पण चार-पाच एमबीच्या फाईलीत तो फरक हाताला लागत नाही.

एसएसडी टाकताना एक गोष्ट पाहा लागते. जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) साटा मोड 'आयडीई' असतो, तो 'एएचसीआय' हवा. आहे त्या विंडोजवर थेट बदलला की निळा पडदा येऊ शकतो. आधी एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू होण्याची सेटिंग) बूट टॅबवर सेफ बूट टिक करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग टिक काढून परत रीस्टार्ट करा.

रॅम ४ जीबी असेल आणि ब्राउझरमध्ये पोर्टलच्या आठ टॅब उघड्या असतील तर विंडोज रॅममधलं डिस्कवर ढकलते, मग हार्डडिस्क १०० टक्क्यांवर अडकते. ८ जीबी करा. रॅम घेण्याआधी जुनी काढून तिच्यावर डीडीआर३, डीडीआर३एल की डीडीआर४ ते वाचा. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात. डीडीआर३ आणि डीडीआर३एलची खाच एकच आहे, पण १.३५ व्होल्टच्या लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची रॅम बहुतेक वेळा चालत नाही.

आणखी एक. तीच फाईल दरवेळी त्याच जागी अडकत असेल आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वेळ मोजत बसू नका, आधी डेटा दुसरीकडे घ्या. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राममध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर'चा (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) आकडा शून्यापेक्षा जास्त दिसला तर डिस्क बदलायला झाली. खेड्यात लाईन अचानक जाते, लिहितानाच वीज गेली की असे सेक्टर वाढतात. ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ देतो.

काटा_हिंगणघाट

भाऊ, तिसऱ्या प्रकाराबद्दल विचारायचं आहे. नवी आय५ मशीन, १६ जीबी रॅम, एसएसडी. एक्सेलची फाईल अर्धा मिनिट पांढरी राहते, मग एकदम उघडते. तेवढ्या वेळात टास्क मॅनेजरमध्ये काहीच हलत नाही. तीच फाईल शेजारच्या सात वर्षं जुन्या मशीनवर लगेच उघडते. असं काहून?

दर्यापूर_डीटीपी

काटा_हिंगणघाट, पहिला संशय प्रिंटरवर घ्या. वर्ड आणि एक्सेल पानाची मापं डिफॉल्ट प्रिंटरकडून विचारून घेतात. तो प्रिंटर दुसऱ्या मशीनला जोडलेला, शेअर केलेला असेल आणि ती मशीन बंद असेल, तर एक्सेल उत्तराची वाट पाहत राहते. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स उघडा, 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा आणि 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डिफॉल्ट करा. फाईल परत उघडून पाहा. थांबणं गेलं तर कारण तेच. छापताना खरा प्रिंटर निवडत जा, किंवा तो यूएसबीने याच मशीनला जोडा.

त्याने फरक पडला नाही तर एक्सेलमध्ये डेटा टॅबवर 'एडिट लिंक्स' पाहा. नव्या आवृत्तीत त्याचं नाव 'वर्कबुक लिंक्स' आहे. मागच्या हंगामाच्या फाईलकडे, बंद पडलेल्या मशीनवरच्या फोल्डरकडे बोट दाखवणारं सूत्र राहिलं असेल तर ते तोडा. वर्डमध्ये हाच प्रकार टेम्प्लेटचा होतो: डेव्हलपर टॅब, डॉक्युमेंट टेम्प्लेट, तिथे नेटवर्कवरचा जुना पत्ता दिसला तर खोडून 'नॉर्मल' लिहा.

तिसरी शक्यता वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या साठ्याची. नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप फोल्डर कित्येकदा आपोआप वनड्राइव्हमध्ये जातं. फाईलच्या नावापुढे निळा ढग असेल तर फाईल मशीनवर नाहीच, आधी उतरवली जाते, आणि गावात मोबाईलच्या नेटवर ते जाणवतं. राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा.

चौथं, ॲड-इन, म्हणजे एक्सेलला जोडलेले जादा प्रोग्राम. विंडोज आणि आर बटण एकत्र दाबा, एक्सेल लिहून जागा सोडा, पुढे तिरकी रेघ आणि सेफ लिहून एंटर दाबा. सेफ मोडमध्ये फाईल झटकन उघडली तर फाईल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली 'कॉम ॲड-इन्स', गो. सगळ्यांच्या टिका काढा आणि एकेक परत लावून कोणता अडवतो ते शोधा. वर्डसाठीही असंच, फक्त नाव विनवर्ड.

झेडपी_मास्तर

शाळांच्या अहवालांची अडचण वेगळी आहे. तिथे मशीनपेक्षा फाईलच जड असते. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा. एका ठिपक्याला तीन बाइट धरले तर उलगडल्यावर रॅममध्ये ३६ एमबी. डिस्कवर तोच जेपीईजी तीन-चार एमबीचा दिसतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. वृक्षारोपणाच्या अहवालात असे चाळीस फोटो टाकले आणि फाईल खाली सरकवत गेलो की जुनी मशीन धापा टाकणारच.

पानावर १६ सेंटीमीटर रुंद छापायच्या फोटोला १५० पीपीआयने (इंचाला १५० ठिपके) साधारण ९४५ ठिपके रुंदी पुरते. फोटोवर क्लिक करून पिक्चर फॉरमॅट, कॉम्प्रेस पिक्चर्स. 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' ची टिक काढायची, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' ला टिक लावायची, १५० पीपीआय निवडायचं, ओके. कोपरे ओढून फोटो लहान केला तर फाईल हलकी होत नाही, आतला फोटो तेवढाच राहतो. मूळ फोटो मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, कॉम्प्रेस केलेलं परत मोठं होत नाही.

दुसरा गुन्हेगार म्हणजे लांब तक्ता. पटसंख्येची, शिष्यवृत्तीची हजार-दीड हजार ओळींची यादी एकाच तक्त्यात असली की वर्ड प्रत्येक रकान्याची रुंदी मजकुरावरून पुन्हा पुन्हा काढत बसते. तक्ता निवडा, टेबल प्रॉपर्टीज, टेबल टॅब, ऑप्शन्स, आणि 'ऑटोमॅटिकली रीसाइझ टू फिट कंटेंट्स' ची टिक काढा. वर्गनिहाय तक्ते तोडले तर आणखी बरं. पानांचा आकडा कसा झरझर पूर्ण होतो ते खालच्या पट्टीत पाहून घ्या.

डॉक आणि डॉक्सएक्स यांबद्दल नेहमी विचारणा होते. डॉक्सएक्स ही आत एक्सएमएल भरलेली झिप फाईल आहे, आधी उलगडावी लागते, मग वाचावी लागते. हे काम बहुतेक एकाच कोअरवर चालतं. जुनं डॉक थेट बायनरी असतं, त्यामुळे फार जुन्या मशीनवर ते जरा लवकर उघडलेलं दिसू शकतं. तेवढ्यासाठी मागे जाऊ नका. डॉक्सएक्स आकाराने लहान राहतं आणि बिघडली तरी आतलं बरंच वाचवता येतं.

काटा_हिंगणघाट

प्रिंटरच होता. आता दुसरं. आवकेची फाईल १८ एमबीची झाली आहे आणि ती मात्र दोन्ही मशीनवर सारखीच हळू उघडते.

हिशेब_वणी

दोन्हीकडे सारखी म्हणजे फाईलमध्येच साठलं आहे. कंट्रोल आणि एंड दाबा. शेवटची नोंद ४००० व्या ओळीत असताना कर्सर दहा लाखाच्या ओळीवर गेला, तर कोणीतरी खालच्या रिकाम्या खान्यांना पार तळापर्यंत रंग किंवा चौकट दिली आहे. तुमच्या शेवटच्या नोंदीच्या खालची ओळ निवडा, कंट्रोल, शिफ्ट आणि खालचा बाण, मग राइट क्लिक करून डिलीट. डिलीट बटण दाबून चालत नाही, त्याने फक्त मजकूर जातो, रंग तसाच राहतो. उजवीकडच्या रिकाम्या रकान्यांचंही असंच करा, सेव्ह करा, बंद करून परत उघडा.

मग होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, मॅनेज रूल्स, वर 'धिस वर्कशीट'. ओळी कॉपी-पेस्ट करत गेलं की एकाच नियमाचे शंभर तुकडे होतात. सगळे काढून एकच नियम नव्याने लावा.

सूत्रांमध्ये ऑफसेट, इनडायरेक्ट, टुडे, नाऊ शोधा. फाईल उघडली की आणि कुठेही काही बदललं की ही सूत्रं पुन्हा चालतात, आणि त्यांच्यावर टेकलेली बाकीची सूत्रंही. ऑफसेटच्या जागी इंडेक्स चालतं. आजची तारीख एकाच खान्यात ठेवून बाकी सूत्रांनी तिथूनच घ्यावी.

एवढं करूनही मोठी राहिली तर सेव्ह ॲजमध्ये 'एक्सेल बायनरी वर्कबुक' निवडा. तीच फाईल लहान होते आणि लवकर उघडते, कारण एक्सएमएल वाचायचं काम वाचतं. पण ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा पोर्टलवर चढवायची असेल तर नेहमीच्या स्वरूपातली प्रत वेगळी ठेवा.

मॅन्युअल कॅल्क्युलेशनचा (सूत्रं आपोआप न चालू देण्याचा) सल्ला कोणी दिला तर काट्यावर तो घेऊ नका. एक्सेल सुरू केल्यावर जी फाईल पहिल्यांदा उघडली तिचं सेटिंग नंतर उघडलेल्या सगळ्या फाईलींना लागतं. क्विंटल बदलले आणि एकूण रक्कम जुनीच राहिली, तर शेतकऱ्याच्या पट्टीवर चुकीचा आकडा जातो. फाईल हळू उघडलेली परवडली.

लिनक्सवाला_गोंदिया

मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसची बाजू मांडतो. टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस, ॲडव्हान्स्ड येथे 'यूज अ जावा रनटाइम' ची टिक काढली तर कमी रॅमच्या मशीनवरचा भार कमी होतो. लेख, पत्र, तक्ते यांना जावा लागत नाही. बेस (डेटाबेसचा प्रोग्राम) आणि काही विझार्डना लागतं. कॅल्कमध्ये (त्यातलं एक्सेल) फॉर्म्युला विभागात 'रीकॅल्क्युलेशन ऑन फाईल लोड' आहे, तिथे 'नेव्हर' असेल तर मोठ्या फाईली उघडताना सगळी सूत्रं नव्याने चालत नाहीत.

मोठी एक्सेल फाईल मात्र लिब्रेऑफिसमध्ये साधारणपणे एक्सेलपेक्षा हळूच उघडते, आणि वर्डची पानंही इकडची तिकडे होतात. ज्याचं सगळं काम बाहेरून आलेल्या एक्सेल फाईलींवर चालतं त्याने फक्त वेगासाठी इकडे येऊ नये.

सेवाकेंद्र_आर्णी

पीडीएफवर कोणी बोललंच नाही. आमच्या कामात अर्ध्याहून जास्त फाईली त्याच.

स्कॅनर ६०० डीपीआय रंगीतवर लावलेला असतो आणि कोणी बदलत नाही. ए४ पान ६०० डीपीआयला ४९६० गुणिले ७०१६ ठिपक्यांचं, रंगीत असलं तर उलगडल्यावर शंभर एमबीच्या वर. तेच पान २०० डीपीआय ग्रेस्केलला चार एमबीच्या आत. म्हणजे सव्वीस-सत्तावीस पट फरक, आणि वाचायला दोन्ही सारखेच. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक यांना २०० ग्रेस्केल पुरतं. निळा शिक्का ठळक दिसणं आवश्यक असेल तिथे २०० रंगीत. फिकट कार्बन कॉपी असेल तर ३०० करा, काळा-पांढरा मोड त्यात अक्षरं खाऊन टाकतो.

उघडायला सुमात्रा पीडीएफ सगळ्यात हलका आहे, जुन्या मशीनवरही लगेच उघडतो. पण डिजिटल सहीचा सातबारा त्यात तपासता येत नाही. सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह आहे की हिरवी टिक, हे ॲडोबी रीडरमध्येच पाहा लागते. म्हणून दोन्ही ठेवा आणि डिफॉल्ट सुमात्रा करा.

ॲडोबीमध्ये सही असलेली फाईल अडकत असेल तर कारण बहुतेक नेट असतं. उघडताच रीडर सहीचं प्रमाणपत्र रद्द झालं आहे का ते नेटवरून विचारतो, रेंज कमी असली की थांबतो. एडिट, प्रेफरन्सेस, सिग्नेचर्स, व्हेरिफिकेशन, मोअर, तिथे 'व्हेरिफाय सिग्नेचर्स व्हेन द डॉक्युमेंट इज ओपन्ड' ची टिक काढा. मग फाईल लगेच उघडते आणि सहीवर क्लिक करून पाहिजे तेव्हा तपासता येते. फक्त दस्त पुढे देण्याआधी ते तपासणं विसरू नका.

लांब यादीची पीडीएफ उघडताना 'प्रिपेअरिंग डॉक्युमेंट फॉर रीडिंग' असं येत असेल तर त्याच प्रेफरन्सेसमध्ये रीडिंग, तिथे 'ओन्ली रीड द करंटली व्हिजिबल पेजेस' निवडा.

झेडपी_मास्तर

मेलवर आलेली वर्ड फाईल वर पिवळी पट्टी घेऊन उघडते, तिचंही लिहा कोणीतरी.

दर्यापूर_डीटीपी

ती प्रोटेक्टेड व्ह्यूची पट्टी, गुरुजी. फाईल आधी बंदिस्त जागेत उघडते आणि 'एनेबल एडिटिंग' दाबलं की नव्याने, म्हणजे दोनदा उघडते. पाठवणारा माहितीतला असेल तर फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक' ला टिक. प्रोटेक्टेड व्ह्यू सरसकट बंद करू नका, पेनड्राइव्ह दहा हातांतून फिरतो तिथे तर नाहीच. अँटिव्हायरस एकच ठेवा. मुदत संपलेला फुकटचा एक आणि पैसे देऊन घेतलेला दुसरा, असे दोन असले की उघडणारी प्रत्येक फाईल दोघं तपासतात.

फॉन्टचंही याच ओघात सांगतो. डीटीपीच्या मशीनवर कृतिदेव, श्रीलिपी आणि कुठून कुठून आलेले हजारभर फॉन्ट पडलेले असतात. त्याने प्रोग्राम सुरू व्हायला आणि फॉन्टची यादी उघडायला वेळ लागतो. लागणारे पन्नास-साठ ठेवा, बाकीचे एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. युनिकोडसाठी निर्मला यूआय, मंगल, कोकिळा विंडोजचेच आहेत. त्यांना हात लावू नका.

काटा_हिंगणघाट

दुपारच्या वेळी तीच फाईल सकाळपेक्षा हळू उघडते, हे मोजून पाहिलेलं आहे. असं होऊ शकतं?

हार्डवेअर_मूर्तिजापूर

होते. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर जाते, आणि जिनिंगच्या ऑफिसात हवेत रुईचे तंतू. ते लॅपटॉपच्या पंख्यामागच्या बारीक पट्ट्यांवर नमद्यासारखे बसतात, हवा निघत नाही. प्रोसेसर ९५-१०० अंशांवर पोचला की स्वतःच वेग कमी करतो. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू; जड फाईल उघडताना 'स्पीड'चा आकडा 'बेस स्पीड'च्या खाली जाऊन तिथेच राहिला तर हेच कारण.

लॅपटॉप बंद करून, बॅटरी सोडवून मागचं झाकण काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटा गरगर फिरून खराब होतो. तंतूंचा थर हवेने निघत नाही, चिमट्याने ओढून काढा लागते. हीटसिंक (प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी धातूची पट्टी) उतरवलीच तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी तुरीच्या दाण्याएवढीच लावा. स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा. हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, महिन्यातून एकदा बाहेरची जाळी साफ केली तरी झाकण उघडायची पाळी कमी येते.

चार्जरही पाहून घ्या. काही लॅपटॉप बाजारातला साधा चार्जर ओळखत नाहीत आणि चालू असतानाही प्रोसेसरचा वेग कमी ठेवतात. सकाळी बॅटरी भरलेली आणि दुपारी लाईन गेल्यावर इन्व्हर्टरवर, असं असेल तर पॉवर मोडही 'बेस्ट परफॉर्मन्स' आहे का ते तपासा.

सेवाकेंद्र_आर्णी

ज्यांच्याकडे विंडोज ११ न चालणारी मशीन आहे त्यांनी काय करावं? एसएसडी टाकून ती छान चालते.

लिनक्सवाला_गोंदिया

विंडोज १० चा मोफत आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे पोर्टलच्या लॉगिनसाठी ती मशीन तशीच वापरत राहणं बरोबर नाही. पत्रव्यवहार आणि पीडीएफपुरती असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका, ४ जीबी रॅमवर चालते, मराठी कीबोर्डही सेटिंगमधून मिळतो. पण अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन त्याच मशीनला लावायचं असेल तर आधी त्या यंत्राच्या कंपनीकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते पाहा. नसेल तर ते काम विंडोज ११ च्या मशीनवर ठेवा आणि जुनी फक्त स्कॅनिंगला लावा.